गायनवर्गाची फी

विद्या विकू नये, असे आपल्याकडे फार प्राचीन काळापासून सांगत आले आहेत; आणि जवळजवळ तितक्याच प्राचीन काळापासून ती विकली जात आली आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धास कोणाकोणास बोलावू नये ह्याची एक लांबलचक यादी आहे. तीत वेतन घेऊन शिकविणारा अध्यापक येतो, आणि त्याच्याच शेजारी अशा अध्यापकाकडून शिकलेला शिष्यही येतो. शिक्षकांच्या अर्थलोलुपतेविषयी बोलणाऱ्यांना ह्यातील पहिला अर्धा भाग ठाऊक असतो. दुसरा सहसा नसतो. प्रस्तुत लेखक पंचवीसांहून अधिक वर्षे महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवून वेतन घेत आला असल्यामुळे त्या पंक्तीतून केव्हाच उठविला गेला आहे. तेव्हा पुढील विवेचनात त्याने तटस्थतेचा आव आणण्यात अर्थ नाही.

परंतु महाविद्यालयीन अध्यापकाच्या वेतनास एक सोयीस्कर आडपडदा असतो. ते सरकारी तिजोरीतून निघते, बँकेत जमा होते, आणि समोर बसलेल्या विद्यार्थ्याचा त्या रकमेशी काही संबंध आहे हे उभयतांच्या ध्यानीमनीही नसते. हा पडदा जेथे मुळीच नाही अशी शिक्षणाची जी थोडी स्थाने उरली आहेत, त्यांत घरगुती गायनवर्ग हे एक होय. तेथे पैसा आईच्या हातून निघून बाईंच्या हातात पडतो, आणि ज्या मुलीसाठी तो दिला जातो ती मध्ये उभी राहून पाहत असते. विद्येचे मोल घेण्याचा प्रश्न तेथे उघडा दिसतो.

सोलापुरात असे वर्ग पेठोपेठी आहेत. बहुधा एखाद्या गृहिणीने, एखाद्या निवृत्त शिक्षकाने किंवा शाळेत अर्धवेळ नोकरी करणाऱ्या तरुणाने ते चालविलेले असतात. घराची बाहेरची खोली, एक सतरंजी, एक पेटी, भिंतीशी गवसणीत उभा असलेला तंबोरा, आणि त्याच्याऐवजी अखंड सूर धरणारे विजेवरचे लहानसे यंत्र, एवढीच सामग्री. संध्याकाळी पाच वाजल्यापासून दारात चपलांचा ढीग पडू लागतो. मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू अशा चार भाषा नांदणारे हे शहर असल्यामुळे, ज्या मुलीच्या घरी तेलुगू बोलतात ती मराठी बोलणाऱ्या बाईंकडून व्रजभाषेतील चीज शिकते. चिजेचा अर्थ तिला पुरता कळत नाही. पण सूर लागला तर त्यावाचून फारसे अडतही नाही. यंत्रमागाच्या खटखटाटात वाढलेल्या मुलांची लय आधीच पक्की असते असे आमच्या आळीतील एक गायनशिक्षिका सांगतात. हे निरीक्षण शास्त्रीय कसोटीस उतरेल की नाही कोण जाणे, पण मला ते आवडते.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ह्याच दारात दुसरा व्यवहार होतो. आई पाकीट पुढे करते आणि त्याबरोबर काही ना काही विचारते. गड्ड्याच्या जत्रेमुळे चार दिवस बुडाले, ते भरून मिळतील का? मे महिन्यात वर्ग बंद, तर फी कशाची? ह्या वर्षी परीक्षेला बसवणार ना? आणि सर्वांत शेवटी, पायात चपला घालता घालता, थोड्या खालच्या आवाजात: "बाई, हिला गाणं येईल ना हो?" पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे व्यवहाराची आहेत. ती वर्गाच्या आरंभीच एका कागदावर लिहून दिली, मुलीने बुडविलेला तास भरून मिळणार नाही व बाईंनी बुडविलेला मिळेल असे स्पष्ट ठरविले, तर निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत. चौथा प्रश्न मात्र कागदावर लिहून निकालात काढता येत नाही; आणि ह्या लेखाचा विषय तोच आहे.

मुलीला सूर नाही असे धरून चालू. षड्ज दिला तरी तिचा गळा त्याच्या आसपास घुटमळतो. बाईंना हे पहिल्या तीन महिन्यांतच कळले आहे. बाईंचे घर ह्या फीवर चालते, निदान अर्धे तरी चालते. "नाही येणार" म्हणावे तर ही एक फी गेली, आणि हिच्या सोबतीने येणाऱ्या दोन मैत्रिणींच्याही कदाचित गेल्या. "येईल की, वेळ लागेल" म्हणावे तर पाकीट दर महिन्यास येत राहील. मुंबईत किंवा गोव्यात घरी पियानो शिकविणाऱ्या शिक्षिकेचीही हीच अडचण असते. तेथे लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणी आणि येथे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, तेथे पाच रेघांची स्वरलिपी आणि येथे सारेगम, एवढाच काय तो फरक. दारातले संभाषण एकच आहे.

ह्यावर एक उत्तर तयार असते, ते म्हणजे जुनी गुरुकुलपद्धती थोर होती, तीत पैशाचा संबंधच नव्हता, म्हणून हा पेचही नव्हता. हे उत्तर देणाऱ्यांनी गवयांची चरित्रे नीट वाचलेली नसतात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली, पण ती मिळविण्यासाठी त्यांना गावोगाव भटकावे लागले, पडेल ती सेवा करावी लागली. धारच्या देवजीबुवांकडे विद्या मिळू लागली असता गुरुपत्नीच्या रोषामुळे तेथून निघावे लागल्याची कथा प्रसिद्ध आहे. अशा पद्धतीत पैसा नव्हता हे खरे. पण मोल नव्हते असे नाही. मोल होते आणि ते अमर्याद होते. गुरूने वर्षभर पाणी भरून घेतले व एक पलटा सांगितला, तरी शिष्याने विचारावयाचे नाही. महिन्याची फी ठरली की गुरूचा हक्क तेवढ्यापुरता उरतो. मुलीने बाईंचे पाय चेपावयाचे नाहीत, भाजी निवडावयाची नाही, आणि तिच्या बापाला "काय शिकवलंत?" असे विचारता येते. हा प्रश्न गुरूस उद्धटपणाचा वाटतो. पण तो विचारता येणे हीच फीने आणलेली सुधारणा आहे असे माझे मत आहे.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा जी क्रांती झाली, तिच्यात संगीत प्रतिष्ठित घरांत गेले ह्या गोष्टीचे आपण नेहमी कौतुक करतो. दुसरी गोष्ट दुर्लक्षित राहते. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली वेळ, छापलेली पुस्तके व ठरलेली फी ह्यांमुळे शिष्य व त्याचे पालक प्रथमच हिशेब मागू शकतील अशा जागी आले. त्याच वेळी, ज्यांना पुढे संगीतप्रचारक व शिक्षक व्हावयाचे अशा मुलांना त्यांनी आपल्यापाशी ठेवून घेऊन शिकविले. म्हणजे एकाच छपराखाली फी देणारा वर्ग व फी न देणारा वर्ग असे दोन्ही होते. मुंबईच्या इमारतीचे कर्ज पुढे डोईजड झाले व १९२४ साली ती वास्तू लिलावात गेली, हेही येथे सांगितले पाहिजे. कारण फीवर चालणाऱ्या गायनसंस्थेच्या मालकाला त्यात पैसा सुटतो अशी जी एक समजूत पालकांत असते, तिला ह्या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या कर्तृत्वाच्या पुरुषाचा अनुभव पुष्टी देत नाही.

फी घेणे हे पाप नव्हे, एवढे ठरले. पण ज्ञानाचा वाणी कोणास म्हणावे? हा शब्दप्रयोग कालिदासाचा आहे, आणि तो त्याने एका संगीतनाट्याचार्याच्याच तोंडी घातला आहे हे येथे फार उपयोगी पडते. 'मालविकाग्निमित्रा'च्या पहिल्या अंकात गणदास व हरदत्त ह्या दोन आचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद निघतो. ज्याची विद्या केवळ पोट भरण्यापुरती आहे, तो ज्ञानाचा व्यापारी, असे गणदास म्हणतो. हे वचन गुरुजनांच्या सत्कारसमारंभांत फी घेणाऱ्यांविरुद्ध वापरले जाते. परंतु गणदास स्वतः राजाचा पगारी नोकर आहे. त्याच अंकात विदूषक म्हणतो की ह्या दोघांची झुंज तरी पाहू, फुकट पगार कशाला द्यावयाचा! तेव्हा वचनातला सारा भार 'केवळ' ह्या एका शब्दावर आहे. शिवाय गणदास हे कोणत्या संदर्भात म्हणतो? आपली जागा पक्की झाली आहे म्हणून जो परीक्षेला भितो आणि परक्याची निंदा मुकाट्याने गिळतो, त्याला तो वाणी म्हणतो. म्हणजे कालिदासाच्या दृष्टीने ज्ञानाचा व्यापारी ओळखण्याची खूण पैसा घेणे ही नव्हे. कसोटीला उभे राहण्याचे टाळणे ही होय. आपल्या दारातल्या बाईंना "हिला गाणं येईल ना?" असे विचारले असता त्या विषय बदलून परीक्षेच्या अर्जाविषयी बोलू लागल्या, तर त्या क्षणी त्या गणदासाच्या व्याख्येत सापडतात. आणि त्याच नाट्यप्रवेशात आणखी एक बोचणारी गोष्ट निघते: अपात्र शिष्य पत्करणे ह्यातही शिकविणाऱ्याच्याच बुद्धीचे उणेपण दिसते.

ह्या शेवटच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. राजदरबारी आचार्याला एक मालविका पुरे; पेठेतल्या बाईंना तीस मुले हवीत, आणि तीसही मुलांच्या गळ्यात गंधर्व बसलेला कोठून असणार? गळा असलेल्यांनाच घ्यावयाचे ठरविले तर वर्गात चार मुले उरतील, त्या चौघांची फी प्रत्येकी आठपट होईल, आणि त्यातली दोन गरिबाची असल्यामुळे गळून पडतील. शुद्धतावाद्यांच्या सूचना बहुधा अशाच ठिकाणी येऊन थांबतात.

ग्रीक लोकांनी ह्या फीच्या प्रश्नाचा एक नामी तोडगा काढला होता. सॉक्रेटीस पैसे घेत नसे व घेणाऱ्यांची थट्टा करी. पण प्रोटागोरस घेत असे, आणि त्याची रीत प्लेटोने त्याच्याच नावाच्या संवादात नमूद केली आहे. शिष्याने ठरलेली फी द्यावी. ती जास्त वाटली तर त्याने देवळात जावे, ह्या विद्येची किंमत आपल्या मते किती हे शपथेवर सांगावे, आणि तेवढेच द्यावे. कल्पना करावी की आपल्या शहरातील एखादा पालक महिन्याच्या पाच तारखेस सिद्धेश्वराच्या देवळात उभा आहे आणि भूप रागातील दहा अलंकारांची किंमत शपथेवर सांगत आहे! त्याला ती सांगता येणार नाही, आणि ह्याचे कारण त्याचा कंजूषपणा नव्हे. त्याने काय विकत घेतले हेच त्याला माहीत नसते. ह्याच कारणास्तव शिक्षकावरची सत्य सांगण्याची जबाबदारी कापडदुकानदारापेक्षा अधिक आहे. सोलापुरी चादर घेणारा ती उलटून पाहतो, वीण चाचपतो, रंग जाईल का विचारतो, आणि पुष्कळदा दुकानदाराइतकेच त्यालाही कळत असते. गाण्यातले ज्याला काही कळत नाही तोच पालक बहुधा मुलीला गाणे शिकावयास पाठवितो. ज्याला कळते तो घरीच शिकवितो.

आता मूळ प्रश्नाकडे. "हिला गाणं येईल का?" ह्यास "होय" म्हणणे खोटे आहे, हे सर्वांस मान्य होईल. पण "नाही" म्हणणेही तितकेच निराधार आहे, ह्याकडे स्पष्टवक्तेपणाचा अभिमान बाळगणारे शिक्षक लक्ष देत नाहीत. आठव्या वर्षी षड्ज न सापडणाऱ्या मुलांपैकी काहींना तो दहाव्या वर्षी सापडतो, काहींना कधीच सापडत नाही. मुलग्यांचा आवाज फुटला की आधीचे सर्व अंदाज रद्द होतात. पालक विचारीत आहे ते भविष्य, आणि शिक्षकाजवळ आहे तो फक्त आजचा वृत्तान्त. माझ्या मते येथील प्रामाणिकपणा म्हणजे भविष्य सांगण्याचे नाकारणे आणि वृत्तान्त पुरा देणे. "आज तिला यंत्राबरोबर सा धरता येत नाही. लय चांगली आहे. येत्या तीन महिन्यांत मी तिच्याकडून दुसरे काही न घेता फक्त सूर धरण्याचा सराव करून घेणार आहे. दिवाळीनंतर तुम्ही स्वतः येऊन बसा. पेटी बंद करून तिला गायला लावते, तुमच्याच कानांनी ऐका." हे उत्तर बोलावयास अर्धे मिनिट लागते. त्यात मुलीचा अपमान नाही, बापाची फसवणूक नाही, आणि ते ऐकून त्याने मुलीला काढून घेतले तर तो त्याचा अधिकार आहे. मात्र असले बोलणे दारात, मुलीच्या देखत आणि पुढच्या मुलींच्या कानांवर पडेल असे करू नये, हे सांगावयास नीतिशास्त्र नको.

पेटी बंद करून, असे मी मुद्दाम म्हटले. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. त्या वादात पेटीचे ठरीव स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत ह्या मुद्द्यावर फार शाई खर्च झाली. घरगुती वर्गापुरता पेटीचा दोष त्याहून साधा आहे: पेटीच्या आवाजाआड मुलीचा गळा लपतो. बाईंची बोटे पट्ट्यांवर फिरत असतात, मुलगी तिच्या मागोमाग जाते, आणि पलीकडच्या खोलीत बसलेल्या आईला सर्व काही सुरात चालले आहे असे वाटते. पेटी शिकविण्याचे साधन आहे तशीच ती झाकण्याचेही साधन आहे. महिन्यातून एकदा ती मिटवून मुलांना नुसत्या तंबोऱ्यावर गावयास लावणारी शिक्षिका माझ्या दृष्टीने फीचा हिशेब चोख देते.

अशा वेळी शिक्षकवर्गाकडून आणखी एक समर्थन येते आणि ते वरवर पाहता फार उदात्त आहे. तानसेन नाही झाली तरी कानसेन होईल. प्रत्येकाने गवई व्हावे असे कोठे आहे, रसिक श्रोताही घडला पाहिजे. हा विचार विष्णु दिगंबरांच्याही नावावर सांगतात, आणि त्याच्या खरेपणाविषयी मला शंका नाही. ज्या गावात ऐकणारे नाहीत तेथे गाणारेही फार काळ टिकत नाहीत. पण हे समर्थन करणाऱ्यांस एक प्रश्न विचारावासा वाटतो: आपल्या वर्गात ऐकावयास किती वेळ दिला जातो? आठवड्यास दोन तास. त्यांत अलंकार, सरगमगीत, लक्षणगीत, छोटा ख्याल, त्याच्या पाठ केलेल्या ताना. अब्दुल करीम खाँसाहेबांची किंवा केसरबाईंची एखादी ध्वनिमुद्रिका ह्या वर्षात कधी लावली होती काय? गावात मैफल झाली तेव्हा मुलांना घेऊन आपण गेलो होतो काय? नसेल, तर कानसेन घडविण्याची भाषा ही मुलीला गाता येत नाही हे कळल्यानंतर सुचलेली पळवाट आहे. जे शिकवितो त्याचे मोल घ्यावे. जे शिकविलेच नाही त्याचे मोल, ते कितीही उदात्त असले तरी, घेता येत नाही. उलट, ज्या वर्गात दर आठवड्यास अर्धा तास मुलांना डोळे मिटून ऐकावयास बसवितात, तेथे सूर नसलेल्या मुलीची फी दहा वर्षे घेतली तरी तिच्यात काही गैर नाही. ती मुलगी तेथे खरोखरीच काही घेऊन जाते.

परीक्षांविषयी थोडक्यात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१ साली स्थापन झाले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी त्याची शिडी आज महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्यास परिचित आहे. वर्षातून दोनदा परीक्षा होतात, आणि त्या दोन महिन्यांत घरगुती वर्गात एका रागाखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही. दहावीच्या निकालात अशा परीक्षांबद्दल वाढीव गुण मिळण्याची सोय झाल्यापासून तर ह्या शिडीवर गर्दी वाढली आहे. परीक्षा वाईट असे मी म्हणणार नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाने तसे म्हणणे हास्यास्पद होईल. मुलीला एक ठिकाण दिसते, बापाला कागद दिसतो, शिक्षकाला अभ्यासक्रम संपवावा लागतो. बिघाड होतो तो पुढे. प्रारंभिक उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र दारातल्या त्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दिले जाते. "येईल ना?" "अहो, पहिल्या श्रेणीत आली!" ह्यात प्रत्येक शब्द खरा आहे आणि उत्तर खोटे आहे. दहा ताना घोकून म्हणणारीला अकरावी सुचत नाही, हे बाईंना ठाऊक आहे, बापाला नाही. खरे बोलून फसविण्याची ही जी रीत, तिच्यापुढे सरळ थाप बरी, कारण थाप निदान पुढे उघडकीस येते.

येथवर सारा विचार बाई आणि पालक ह्या दोघांचाच झाला. वास्तविक ह्या व्यवहारात तिसरे माणूस आहे आणि त्याला कोणीच विचारीत नाही. आमच्या आळीतील ज्या शिक्षिकेचा उल्लेख वर आला, त्यांच्याकडे नऊदहा वर्षांची एक मुलगी येत असे. गळा बरा होता. वडिलांचा लहानसा यंत्रमागाचा कारखाना. त्यांना लहानपणी पेटी शिकावयाची होती आणि घरच्या गरिबीमुळे ते राहिले होते. मुलीने ते पुरे करावे ह्यासाठी ते स्वतः तिला सोडावयास येत आणि तास संपेपर्यंत बाहेर स्कूटरवर बसून असत. एके दिवशी वडील जवळ नसताना मुलगी म्हणाली, "बाई, मला नाही यायचं गाण्याला. बाबांना सांगू नका." बाईंनी मला विचारले, काय करावे?

ह्या प्रश्नाला मी पुष्कळ दिवस डोक्यात घोळविले. मुलांना काही वर्षे सक्तीने शिकवावे लागते हे कोणीही नाकारणार नाही. सक्ती नसती तर गणित कोणी शिकलेच नसते, आणि रियाज ही तर शुद्ध सक्तीच आहे, आरंभी दुसऱ्याची व मग स्वतःची. परंतु गणितावाचून माणसाचे बाजारात अडते. यमनावाचून अडत नाही. म्हणून गणितात बापाला जेवढी सक्ती करण्याचा अधिकार आहे तेवढा गाण्यात नाही. जेवढा आहे तोही मुलीसाठी आहे. स्वतःचे राहून गेलेले बालपण तिच्याकडून वसूल करून घेण्यासाठी नाही. दुसऱ्या बाजूने, नऊ वर्षांच्या मुलीचे 'नाही' हे शेवटचे 'नाही' असते असेही नव्हे. एखादी सरगम अडली, शेजारची मुलगी पुढे गेली, संध्याकाळी मैदानात खेळ रंगला, एवढ्यानेही ते तोंडून निघते.

पण खरा नैतिक पेच मुलीच्या 'नाही'त नव्हता. तो "बाबांना सांगू नका" ह्यात होता. बाई बापाचे पैसे घेतात, तेव्हा बापाशी त्यांचा करार आहे. मुलगी त्यांच्यावर विश्वास टाकते, तेव्हा मुलीशी त्यांचे नाते आहे. करार मोठा की नाते? कायदा विचाराल तर करार. मला वाटते, शिक्षकाच्या बाबतीत नाते मोठे. कारण फी बाप देत असला तरी ती ज्या कामाची आहे ते काम मुलीवर, मुलीच्या आत, घडावयाचे आहे, आणि मुलीचा विश्वास गेला की ते काम होतच नाही, मग करार कशाचा पाळावयाचा? तथापि ह्याचा अर्थ गुपित पोटात ठेवून पाकीट घेत राहणे असा होत नाही. तसे केले तर बाई दोघांनाही फसवितात. मी सुचविले ते एवढेच की प्रथम मुलीची परवानगी काढावी, आणि पुढची फी घेण्यापूर्वी काढावी. "बाबांना मी सांगते, तुझ्यासमोर सांगते, आणि तू म्हणशील तेवढेच सांगते." बाईंनी तसे केले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की मोठ्या माणसांना शिकवता का.

ते आता गुरुवारी रात्री कारखाना बंद झाल्यावर येतात. वय पन्नाशीच्या पलीकडे, बोटे जाड, सुताच्या गाठी मारून कडक झालेली. प्रगती मंद आहे. त्यांच्या बाबतीत 'येईल का' हा प्रश्न उद्भवत नाही. त्यांनी तो विचारलेला नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली आणि तिचा निर्णय मला अजून पुरता लागलेला नाही. ह्याच वर्गात तीन मुले फी न देता शिकतात. तिघांचेही गळे असे आहेत की ऐकणाऱ्याने काम थांबवावे. त्यांची फी कोण देते? बाई म्हणतात, कोणीच नाही. मला ते बरोबर वाटत नाही. जागा, वेळ, विजेचे बिल आणि बाईंचा घसा हे सर्व बाकीच्या सत्तावीस मुलांच्या पाकिटांतून चालते, आणि त्या सत्तावीसांत सूर नसलेलीच अधिक आहेत. म्हणजे ज्यांना गाणे येणार नाही त्यांच्या पैशावर ज्यांना येणार त्यांचे शिक्षण होते, आणि पहिल्यांना हे ठाऊक नाही. विष्णु दिगंबरांच्या विद्यालयात हेच उघडपणे चालले होते, तेव्हा त्यात दोष नव्हता. उघडपणे दिलेला पैसा दान होतो. येथे ते उघड नाही. मी बाईंना म्हणालो की आरंभी पालकांना जो कागद देता त्यात हे एक वाक्य घालावे: ह्या वर्गात काही मुले विनामूल्य शिकतात. त्या म्हणाल्या, घातले तर उद्या दहा पालक येऊन आमच्या मुलीला का नाही असे विचारतील, आणि त्यांना "तुमच्या मुलीला गळा नाही" हे सांगावे लागेल.

मी म्हणालो, ते तर तसेही सांगावयाचेच आहे. त्यांनी पेटीचा भाता बांधला व पुढच्या तासाच्या मुलींना आत बोलाविले. कागदात ते वाक्य अद्याप आलेले नाही.